चार आणे विमान

एल्विओ प्यू बुटांचं खोकं घेऊन आला,
ट्रेलेवच्या माझ्या कचेरीत, जुलैच्या वाऱ्यात,
आणि टेबलावर पालथं केलं:
पेट्रोलच्या पावत्या, विम्याचे हप्ते,
हँगरच्या पत्र्याला मारलेल्या खिळ्यांचंसुद्धा बिल.
म्हणाला, "ठेवू की विकू, एवढंच सांग.
वारा मला कळतो. आकडे तुला."

वर्षाला अडतीस तास उडतं ते.
उरलेले आठ हजार सातशे बावीस तास
उभं राहतं,
आणि उभं राहण्याचेच पैसे खातं.
इंजिनला बारा वर्षं झाली. उघडून बांधायचं
तर दोन हंगामांची लोकर गेली.
सोळा आणे मालकी, मी म्हटलं,
म्हणजे रात्री गारपीट झाली की
झोपही सोळा आणे तुझीच मोडायची.

भाड्याचं घे मग. एस्केलहून येतात, फोन केला की.
तासाचा दर बरा आहे,
पण ते रिकामे येतात, रिकामे जातात,
आणि त्या रिकामपणाचंही भाडं लावतात.

तिकिटाचं सगळ्यांत स्वस्त.
फक्त एस्केलहून कोमोदोरोला जायचं
तर आधी ब्युनोस आयर्सला जायचं.
शेजारच्या घरी निघालेल्या माणसानं
आधी राजधानीच्या पाया पडून यायचं,
बॅगेसकट.

नाहीतर चौघांत घे. चार-चार आणे.
खर्चाला चार खांदे, भिंतीवर एक कॅलेंडर,
आणि चौघांनाही हवा असलेला एकच
वारा नसलेला रविवार.

तो ऐकत होता, किंवा माते ओढत होता.
मी उड्डाणांची वही उघडली.
कुठून, कुठे, कशासाठी.
पंपाचा सुटा भाग. मेंढ्यांचा लिलाव.
नाउएलकीरच्या पोराचा मोडलेला हात.
आणि अकरा ओळी अशा:
घरून निघालो, घरी उतरलो,
एक तास दहा मिनिटं.
तिसरा रकाना कोरा.

"हे काय?"
"बहिणीच्या शेतावरून एक चक्कर."
"तिच्याकडे पट्टी आहे ना उतरायला?"
"आहे. बापानंच आखलेली.
वाटणी झाल्यापासून उतरलो नाही."
खिडकीबाहेर एक प्लास्टिकची पिशवी
सरळ रेषेत समुद्राकडे चालली होती.
"बाहेर येते ती?"
"नाही. कुंपणावर लाल घोंगडी असते.
उन्हाळा असो, बर्फ असो.
वाळत घालत असेल."
"असेल," मी म्हटलं,
आणि बारा तास पन्नास मिनिटं
खासगी वापराखाली टाकली,
करात सूट नाही.

उतरायचंच नाही, असं भाडं
एस्केलचे लोक लिहून घेत नाहीत, मी विचारून पाहिलं.
हे त्याला सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच, की चार आणे ठेव, बारा विक.

दातांच्या डॉक्टरनं, ताबोर्दानं, चार घेतले.
लोकर कातरणाऱ्या नाउएलकीरनं चार,
अर्धे रोख, अर्धे पुढच्या हंगामाच्या कातरणीवर.
शेवटचे चार ऑक्टोबरभर तसेच पडून राहिले,
कचेरीच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेले.

नोव्हेंबरात पठारावरून पाकीट आलं.
चेक. सही: ओल्वेन प्यू.
आयुष्यात विमानात न बसलेली बाई.
सोबत वहीचा फाडलेला कागद, एकच अट:
माझ्या वाट्याच्या दिवशी
विमानानं माझ्या पट्टीवर उतरावं.
इंजिन बंद करावं.

करारात ते मी सातवं कलम केलं,
टाकी भरून परत करण्याच्या कलमाखाली.
एल्विओनं चष्मा लावून वाचलं,
काढून परत वाचलं.
मग फार वेळानं, धंद्याच्या आवाजात, विचारलं,
"बंद केलं, आणि थंडीनं पुन्हा सुरूच झालं नाही तर?
तो खर्च कुणाचा?"

चौघांत वाटून, मी म्हटलं.
चार आणे तुझे. चार आणे तिचे.